आधी जेवून घे

खेळाडूला काढून टाकणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. मॅनेजर त्याला ऑफिसात बोलावतो, दार लावतो, सांगतो, हात मिळवतो. संपलं! बेसबॉलच्या छोट्या लीगमध्ये सगळीकडे हीच पद्धत. आठ वर्षं मी त्या दाराबाहेर बसून पाहत आलो. दरवेळी वाटायचं, काय ही माणसं! इतकं कोरडं सांगवतं तरी कसं यांना?

मग मीच मॅनेजर झालो. ऐंशीच्या दशकाच्या मधोमध माझे गुडघे गेले. मी कॅचर, रोज उकिडवं बसून बॉल झेलायचा, गुडघे जाणारच. वरच्या साहेबांनी सांगितलं, खेळणं पुरे, पेनसिल्व्हेनियातली आपली टीम सांभाळ. मेजर लीगचं, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगचं मैदान मी तिकीट काढूनच पाहिलं. त्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू?

त्या टीममध्ये माझा जुना पिचर होता. सहा वर्षं तो टाकायचा आणि मी झेलायचो. मोटेलातली खोली एक, बसमधली सीट शेजारी. शेजारच्या राज्यात, पिस्कॅटवेला आमच्या घरी तो सुट्टीत यायचा आणि अमेरिकन असून माझ्या आईला 'काकू' म्हणायचा, अगदी स्पष्ट. आई नुसती विरघळायची.

जूनमध्ये साहेबांचा फोन आला. पिचरला सोडा, मंगळवारपर्यंत.

तो तिशीचा. दुसरी कुठलीच टीम त्याला घेणार नव्हती, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

ऑफिसात बोलावणं माझ्याच्यानं होईना. आमच्या घरात उपाशीपोटी कुणाला वाईट बातमी देत नाहीत. नागपूरहून आजोबा गेल्याची तार आली तेव्हा बाबांनी ती खिशात घातली, आमची जेवणं होऊ दिली आणि मग सांगितलं. मी म्हटलं, आपणही तसंच करू. सोमवारी मॅच नव्हती. त्याला म्हणालो, चल, दुपारी घरी जेवायला.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. गाडीत सारखा बोलत होता, खिडकीवर बोटांनी ताल धरत होता. बरं वाटतंय बिचाऱ्याला, मी म्हटलं. इतका कसा मी ठोंब्या!

आईनं श्रीखंड-पुरी केली होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती आग्रहावर आग्रह करत होती. तो तिसरी पुरी खाता खाता थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काकू, मे आय यूज द फोन?"

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, माझ्या खुर्चीमागेच. त्यानं बायकोला लावला. म्हणाला, तो मला घरी जेवायला घेऊन आलाय. बस, एवढंच. पलीकडून तिची आनंदाची किंकाळी मला इथपर्यंत ऐकू आली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या वर्षी आमच्या शॉर्टस्टॉपला, मधल्या फळीतल्या एका फील्डरला, मेजर लीगचं बोलावणं आलं, तेव्हा मी त्याला असंच घरी आणलं होतं. गोडाधोडाचं जेवण घालून मग बातमी दिली होती. सगळ्या टीमला ते माहीत होतं. मी सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं!

तो येऊन बसला. डोळे भरले होते त्याचे. "सांग आता," म्हणाला. "मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी सांगितलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आईला इंग्रजी कळत होतं. तिच्या हातातला झारा तसाच राहिला. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ऑफिसात सांगितलं असतंस तर तुला चार शिव्या देऊन घरी गेलो असतो. आता तिला काय सांगू?"

मला रडू फुटलं. मी म्हणालो, मी सांगतो तिला, माझी चूक आहे, मला लावू दे फोन. मी उठलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तू जेव," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीमागे नंबर फिरवू लागला.