बाधा नाही, टाके पिकलेत

माझ्या लेकीचं बाळंतपण आमच्याकडच्या जुन्या सरकारी दवाखान्यात झालं. कुठल्या ते लिहीत नाही. पोट चिरून मूल काढावं लागलं. मूल चांगलं होतं. लेकीचे टाके मात्र सुकेनात, आणि ताप उतरेना.

त्या खोलीत तशा बायका आणखीही होत्या. पाणी गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीतून यायचं. सकाळी नळ सोडला की आधी लालसर गाळ पडायचा, त्याला गटारासारखा वास. अंग पुसायला तेच पाणी, भांडी धुवायला तेच, नर्सबाईही हात त्यातच धुवायच्या. शेजारच्या खाटेवर मोखाड्याकडची एक बाई होती, जरा तोंडाळ. ती म्हणायची, "सरकार नळाला चहा सोडते. साखर तेवढी आपली."

मी बाहेरच्या टपरीवर पाणी उकळून आणू लागले. पण मोरीत नळच होता, तिथे माझा इलाज चालेना. डॉक्टर रोज पट्टी बदलत, औषध बदलत. त्यांनीच टाकीच्या पाण्याचं जिल्ह्याला कळवलं, असं नर्सबाई म्हणाल्या.

साहेब यायचे होते त्या सकाळी सगळ्या चादरी बदलल्या. जिल्ह्याचे साहेब, त्यांच्याबरोबर एक मॅडम, आणि इमारत ज्यांच्याकडे आहे ते बांधकाम खात्याचे एक साहेब. जिल्ह्याच्या साहेबांनी दारातूनच विचारलं, "इथे दाखल झाल्यावर कुणाला बाधा झाली का?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"घाबरू नका. बाधा झाली असेल तर सांगा."

एकीने पोर पदराखाली घेतलं. आमच्याकडे बाधा म्हणजे बाहेरचं. ओल्या बाळंतिणीला बाधा झाली असं चारचौघांत निघालं, तर घरी ती उतरवायला भगत येतो. मग ती कुणी केली म्हणून गावातल्या एखादीचं नाव निघतं. म्हणून ते कुणी कबूल करत नाही. एक सासू पुढे होऊन म्हणाली, "नाय साहेब, आमच्या सुनेला तसला काय नाय. आमचा घर चांगला आहे."

बांधकामवाले साहेब हसले. "बघा. बाधाच नाही, तर टाकीचा विषय येतो कुठे?"

जिल्ह्याचे साहेब मॅडमना म्हणाले, "निरंक लिहा."

साहेब एक विचारत होते आणि बायका दुसरंच नाकारत होत्या. ते असेच गेले असते, तर टाकी तशीच राहिली असती आणि लेक त्याच पाण्यात. मला लोकांत बोलता येत नाही. लग्नाकार्यातही मी मागे बसते. खाटेचा लोखंडी दांडा धरून मी म्हटलं, "बाधा नाही, साहेब. टाके पिकलेत."

"कुणाचे?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या लेकीचे. हिचे. तिचेपण."

मॅडमनी जवळ येऊन लेकीची पट्टी उचलून पाहिली. मग त्या एकेकीला विचारत गेल्या. टाके ओले आहेत का, पू येतो का, ताप आहे का. मघाच्या सासूने स्वतःच सुनेचा पदर बाजूला केला. "पू येतो ना! ता यांनी इचारला कुठं?"

जिल्ह्याच्या साहेबांनी डॉक्टरांना बोलावून विचारलं, टाकी शेवटची कधी धुतली. डॉक्टर म्हणाले, टाकी बांधकामाकडे आहे. बांधकामवाले म्हणाले, इमारत आमची, पाणी दवाखान्याचं. आणि धुवायची तर वरून ऑर्डर लागते.

मोखाड्याची बाई पडल्या पडल्या म्हणाली, "टाकी वर, ऑर्डर पण वरून. खाली घाण घ्यायला तेवढे आमचे टाके."

जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "टाकी उद्याच्या उद्या उपसा. कुणाची चूक ते नंतर बघू."

टाकी उपसली. आत काय निघालं ते आम्हाला दाखवलं नाही. तोवर टँकरचं पाणी आलं. लेकीचे टाके उसवून पुन्हा घातले, मग ताप उतरला. ती मूल घेऊन घरी आली. चूक कुणाची ठरली, ते अजून कुणी कळवलेलं नाही.

लेक आता कामाला जाते, पण भरलेला हंडा उचलत नाही. विचारलं तर म्हणते, "दुखत नाय, आये. ओढते."