कपाटाखालची पत्रिका

जगातली सगळी भांडणं, सगळी दुखणी आणि सगळे काडीमोड कशामुळे होतात हे आमच्या मेहुण्यांना पक्कं ठाऊक आहे: प्लेमुळे. प्ले म्हणजे दोन भागांमधली ढिलाई. जन्मभर अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते, आता पंच्याहत्तरी उलटली, पण हलणारी वस्तू दिसली की अजून अंगावर काटा येतो त्यांच्या. घरात पाऊल टाकलं की आधी दाराची बिजागरी हलवून बघणार, मग चहाच्या कपाचा कान, मग माझी कवळी ठीक बसते का याची चौकशी. बुवापाड्यात एकांकडे सत्यनारायणाला गेलो होतो, तर ऐन तिसऱ्या अध्यायात यांनी हात वर केला. “गुरुजी, चौरंग डुगडुगतोय.” गुरुजी दुर्लक्ष करून वाचत राहिले, तसे हे रांगत पुढे गेले, प्रसादाचा द्रोण चेपून पायाखाली सारला आणि म्हणाले, “हां, आता बोला.” स्वतः मात्र एका जागी दोन मिनिटं बसणार नाहीत. माझी धाकटी बहीण म्हणते, “ताई, घरात एवढा प्ले फक्त यांच्यातच आहे.”

हे गृहस्थ आधी मला बघायला आले होते, ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. म्हणून मीच काढते. मी तेव्हा वीस वर्षांची होते. अकरावी दोनदा दिली होती, त्यामुळे शिक्षणाबद्दल मला मोठा अभिमान होता. केसांचा असा फुगा केला होता की दारातून येताना मान वाकवावी लागली. मी ट्रे घेऊन आले तर नवरामुलगा खुर्चीवर नाही! तो कोपऱ्यातल्या सागवानी कपाटापुढे पालथा पडलेला. त्या कपाटाचं दार आपोआप उघडायचं, ते त्याला बघवेना. खिशातून दाखवायला आणलेली स्वतःची जन्मपत्रिका काढली, दुमडली आणि कपाटाच्या एका बाजूखाली सरकवली. दार बंद राहिलं. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर आधी फुग्याकडे पाहिलं. तो हलत होता. आत जाऊन मी आईला म्हटलं, “ज्याला स्वतःच्या ग्रहांची किंमत नाही, तो माझी काय ठेवणार?” वाक्य मला इतकं आवडलं की आठवडाभर सगळ्यांना ऐकवत फिरले. दोन वर्षांनी धाकटीने त्याच माणसाला हो म्हटलं, आणि माझ्या लग्नात आईने ते कपाट मला दिलं.

निवृत्तीनंतर मेहुण्यांनी उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडून स्वातंत्र्याच्या आधीची एक मोटार उचलून आणली. भंगारवाला म्हणाला होता, “साईं, इसमें हॉर्न छोड़के सब बजता है.” पालेगावात एका ओळखीच्याच्या शेडमध्ये बारा वर्षं ती उभी होती. यंदा ती जमीनही बिल्डरकडे गेली. त्याच्या माणसाने सांगितलं, “काका, सोमवारी जेसीबी येणार. गाडी चाकावर निघाली तर तुमची, नाहीतर तुकडे करून भंगारात.” नेमका तेव्हाच मागचा अ‍ॅक्सल खोललेला. धाकटीचा मला फोन आला. “ताई, गाडी मोडली ना, तर हे खाटेवरून उठायचे नाहीत गं.”

अ‍ॅक्सलचं गणित त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की आता मी क्लास काढू शकेन. मधे गोल पेटी, दोन्ही बाजूंना कर्ण्यासारख्या दोन नळ्या. पेटी आणि नळी यांच्या सांध्यात कागदाच्या कड्या घालायच्या. त्यांना शिम म्हणतात. कागद कमी पडला तर नळी आतल्या बेअरिंगला दाबते आणि चाक जाम. जास्त झाला तर दाते नीट बसत नाहीत, गाडी जात्यासारखी घरघरते. यांनी खाकी कागद लावला, कॅलेंडर लावलं, साडीच्या खोक्याचं झाकण लावलं. संध्याकाळी चाक बोटाने फिरायचं आणि सकाळी जाम. नवा कागद बोल्टखाली रातोरात दबून पातळ व्हायचा. चार दिवसांत माणूस अर्धा झाला. जेवताना उठायचा, शेडमध्ये जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा.

शनिवारी दुपारी हेंद्रेपाड्यात माझ्या दारात रिक्षा थांबली. मेहुणे उतरले, हातात गाडीचा जॅक. चहा नको, पाणी नको, सरळ कपाटापुढे पालथे.

“अहो भाऊजी, काय चाललंय?”

“ताई, याच्याखाली माझा कागद आहे.”

“कसला कागद?” मी साळसूदपणे विचारलं. दोन घरं बदलली, पण दर वेळी कपाटाबरोबर तो कागद मी स्वतःच्या हाताने नेला होता आणि पुन्हा तसाच सरकवला होता.

“पत्रिका. पन्नास वर्षं दबलीय. आता आणखी नाही दबायची.”

“मला वाटलं, विसरलात.”

“शिम कुठे घातली ते फिटर विसरत नाही.”

जॅकवर कपाट उचललं. कागद पिवळा, पुठ्ठ्यासारखा टणक. खिशातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढून त्यात तो धरला आणि पहिल्यांदाच मी त्या माणसाला निश्चल बसलेलं पाहिलं. मग माझीच कात्री घेऊन त्यांनी कडीचे तुकडे कापायला घेतले. शनी गेला, मंगळ गेला. सातव्या, जोडीदाराच्या घराशी कात्री आली तेव्हा मी दूध बघायला आत गेले.

रविवारी सकाळी चाक फिरत होतं. दुपारी ती मोटार पालेगावहून निघून आमच्या सोसायटीच्या आवारात आली, कसलीही घरघर नाही. पुढे धाकटी मांडीवर नारळ घेऊन राणीसारखी बसलेली. मेहुणे उतरले आणि वॉचमनची खुर्ची हलवून बघायला लागले.

कपाटाचं दार मात्र आता पुन्हा आपोआप उघडतं. ते विचारतात, “ताई, येऊ का? दुसरा कागद घालतो.” मी म्हणते, “बघू, घाई काय आहे.” दुपारी पडल्या पडल्या करकर ऐकू येते. उठते, लावते, पडते; ते पुन्हा उघडतं. खरं तर वर्तमानपत्राची एक घडी पुरेल, आणि ती कशी सरकवायची हे मी वीस वर्षांची असताना, ट्रे हातात धरून, नीट पाहून ठेवलं होतं.