गुलंदाम खानम माथ्यावर जाते

शीरदरच्या स्कीच्या लिफ्टखाली गुलंदाम खानम चाळीस वर्षं आश, म्हणजे डाळी-पाल्याचं गरम सूप, विकत होती, पण त्या लिफ्टमध्ये एकदाही बसली नव्हती. ‘सैतानाचा झोपाळा’ म्हणायची ती तिला. तेहरानच्या रंगीबेरंगी पोरी खांद्यावर स्की टाकून तिच्या पातेल्यापाशी आल्या, की पळी आपटून विचारायची, “काय गं, वर जायचं, घसरत खाली यायचं, परत वर जायचं. हरवलंय तरी काय तुमचं वर?” पोरी हसायच्या आणि आणखी एक वाटी मागायच्या. आश दाट आणि टोमणे फुकट, असा तिचा धंदा.

सतराव्या वर्षी ती खेचरावर बसून याच डोंगराच्या खिंडीतून नवरी होऊन आली. पलीकडच्या उतारावरचं नेसा हे तिचं माहेर. तिथे थोरली बहीण खावर. आई लवकर गेली तेव्हा हिच्या वेण्या घातल्या त्या खावरनेच. आता खावर अंथरुणाला खिळलेली. कान तर केव्हाच गेलेले, त्यामुळे फोनचाही उपयोग नाही. त्या हिवाळ्यात खिंड बुजली होती आणि डोंगराला वळसा घालून जाणारा मोटाररस्ता हिमकडा कोसळून बंद होता. तेवढ्यात भाच्याचा, ईरजचा निरोप आला: “मावशी, डॉक्टर म्हणतात, आई वसंतातला नवरोज काही बघत नाही. सारखं तुझंच नाव घेते. गुरुवारी ऊन पडलं तर बरोबर बाराला तिला उचलून गच्चीवर आणतो, लाल रजईवर बसवतो. तू लिफ्टने माथ्यावर ये. तिथून आमची गच्ची दिसते.”

दोन दिवस गुलंदाम लिफ्टच्या तारेकडे नुसती बघत राहिली. मग माझ्याकडे आली. खालच्या ठाण्यावर माणसांना खुर्च्यांत बसवून देणं हे माझं काम.

“मश्दी, ही तार कधी तुटलीये?”

“माझ्या हयातीत तरी नाही.”

“तुझी हयात किती उरलीये ते सांग आधी.”

पण तारेपेक्षा मोठी अडचण तिच्या डोळ्यांची होती. दोन्हीत मोतीबिंदू. माथ्यावरून तिला नेसाच काय, स्वतःचे जोडेही दिसले नसते. तिला उसने डोळे हवे होते, आणि गावात सगळ्यांत तेज डोळे तिच्या धाकट्या जावेचे, तूबाचे. समोरच्या घरात काय शिजतंय ते तूबाला बंद खिडकीतूनही दिसतं.

आता या दोघींचं अकरा वर्षांपूर्वी एका अक्रोडाच्या झाडावरून वाजलं होतं. आमच्याकडे साधं भांडण झालं तर माणसं शिव्या देतात. खरं भांडण झालं तर अदबीने वागायला लागतात. अकरा वर्षं दोघी गल्लीत भेटल्या की अशा काही लवून एकमेकींची विचारपूस करायच्या, की बघणाऱ्याला हुडहुडी भरावी. त्या तूबाच्या दारात गुलंदाम स्वतःहून गेली. तूबा एवढंच म्हणाली, “माझे डोळे तुमचेच आहेत, खानम.”

गुरुवारी लख्ख ऊन पडलं. साडेअकराला दोघी ठेवणीतले रुमाल बांधून हजर. इतक्यात माथ्यावरच्या रहमानचा फोन आला: वारा उठतोय, साडेबाराला लिफ्ट बंद. वर जायलाच बारा मिनिटं लागतात. मी दोघींना घाई केली. खुर्ची आली.

“तुम्ही आधी बसा, तूबा खानम.”

“छे छे! तुम्ही वडील. तुमच्याआधी मी बसेन?”

“माझ्यासाठी एवढी तसदी घेतलीत. तुम्हीच आधी.”

“तुमच्या जिवाची शपथ, मी नाही बसायची.”

खुर्ची रिकामी गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. रांगेतून एक तेहरानी तरुण ओरडला, “अहो मावशी, खुर्ची दोघींची आहे! एकदमच बसा ना!”

“एकदम बसायचं तरी कुणीतरी आधी टेकावं लागतंच, बाळा,” तूबा म्हणाली.

त्या शहाण्याला काय ठाऊक! माझ्या एका चुलत्याने लग्नाच्या पंगतीत यजमानाने तिसऱ्यांदा म्हणायच्या आत भाताला हात घातला होता. त्याच्या नातवंडांना गाव अजून ‘भुकेल्याची’ म्हणतं.

पावणेबारा झाले. सातवी खुर्ची गेली. गुलंदामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नजर माथ्याकडे होती, आणि जीभ मात्र म्हणतच होती, “तुम्ही आधी.”

म्हातारं माणूस असलं की मी खुर्ची हाताने धरून हळू करतो. आठवी खुर्ची मी धरली नाही. ती मागून आली, दोघींच्या गुडघ्यांमागे दणका बसला, आणि दोन्ही जावा एकाच क्षणी फतकल मारून हवेत.

“मश्दी, तुझं तळपट होवो!” दोघी एका सुरात. अकरा वर्षांतलं त्यांचं पहिलं एकमत.

लिफ्ट जोडीदारावर सोपवून मीही पाठच्या खुर्चीत बसलो. असलं काही मी सोडत नसतो.

तिसऱ्या खांबापर्यंत माझा उद्धार चालू होता. मग एकदम आवाज बंद झाला. खाली बर्फावर त्यांच्या चार पायांची सावली तरंगत चालली होती. कडे एकामागून एक खाली बसत होते आणि त्यांच्यामागून त्यांहून मोठे उठत होते. माथा आला तेव्हा दमावंदचा अख्खा शुभ्र डोंगर समोर उभा ठाकला, इतका मोठा की मोतीबिंदूलाही तो झाकता येईना. गुलंदामने छातीवर हात ठेवला.

“मी इथे राहते?” ती पुटपुटली. “इतकी वर्षं मी या सगळ्यात राहत होते?”

तूबाने तिला दंडाला धरून पलीकडच्या कडेपाशी नेलं. खाली नेसा, बर्फात मूठभर तीळ सांडावेत तसं.

“लाल दिसतंय,” तूबा म्हणाली.

“ती आहे का? खरं सांग, तूबा.”

“चौघांनी उचलून आणलंय. बसवली. डोक्याला पांढरा रुमाल आहे. थांब... कपाळावर हात धरलाय. गुलंदाम, ती इकडेच बघतेय गं!”

आणि गुलंदाम ओरडायला लागली. नातीला पहिला दात आला, आश परवा करपली, गुडघे गेले, सगळं त्या दरीत ओतलं.

“अगं, ती बहिरी आहे!”

“ती बहिरी आहे, मी मुकी आहे का?”

स्की लावलेले तरुण काठ्या रोवून बघत उभे राहिले. गुलंदाम रुमाल सोडून हलवत होती. वाऱ्याला जोर चढत होता.

“आहे अजून?” तिने विचारलं.

“आहे. हात हलवतेय,” तूबा म्हणाली.

माझी नजरही काही अधू नाही. खावरला त्यांनी केव्हाच आत नेलं होतं. गच्चीवर रजईसुद्धा नव्हती.

“अजून?”

“अजून. दोन्ही हातांनी.”

तोंड दाबून ठेवायची मला सवय नाही, पण मी दाबलं. रहमान लिफ्ट बंद करायची म्हणून सांगायला आला. तूबाने मान वळवून त्याच्याकडे फक्त एकदा पाहिलं. तो आल्या पावली परत गेला, आणि गुलंदामचा हात दमून आपणहून खाली येईपर्यंत त्याने काही वाऱ्याकडे बघितलं नाही.