तांडेल आणि आमच्या गावचा दवाखाना

काम सुरू करण्याआधी तो चपला काढायचा. त्या कडेला नीट जोडीनं ठेवायचा आणि माल जिथून न्यायचा ती सगळी वाट अनवाणी चालून यायचा. परत आला की एवढंच म्हणायचा, "जाईल. पन घाई नाय करायची."

बोईसरला अवजड सामान हलवणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी सुपरवायझर आहे. बॉयलर, टाक्या, यंत्रं जागेवर नेऊन बसवणारी आमची टोळी, आणि तो तिचा मुकादम. साठीच्या आसपासचा, अंगानं काटकुळा. जन्म कोळीवाड्यातला, उमेदीची वर्षं समुद्रावर गेलेली. होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात; जमिनीवर आल्यावरही लोक त्याला तांडेलच म्हणत. कागदावर तो माझ्या हाताखाली होता. कागदावरच.

कारखान्यांचे फोन मला यायचे आणि पहिला प्रश्न असायचा, "तांडेल येणार ना?" मी डिप्लोमावाला. वजन, उतार, दोराची ताकद असं सगळं मांडून दाखवायचो. आमचे शेठ ऐकून घ्यायचे आणि माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघायचे. त्यानं मान हलवली की काम सुरू.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल. त्याचं काही चुकत नाही, आणि म्हणूनच तो डोळ्यांत खुपतो. मी तर त्याच्या चुकीची वाटच बघत असे. एकदा सालवडला त्यानं टाकी उलट्या तोंडानं बसवली असं मला दिसलं. मी नकाशा घेऊन चार लोकांत त्याच्यावर ओरडलो. नकाशा मीच उलटा धरला होता. त्यानं जवळ येऊन तो माझ्या हातात हळूच फिरवला आणि मोठ्यानं म्हणाला, "बरोबर हाय साहेब, परत एकदा बघून घेतो."

त्या दिवसापासून मला तो जास्तच नकोसा झाला.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीनं आमच्या गावाला दवाखाना देऊ केला. वीस फुटी लोखंडी कंटेनर, आत तपासणीचं टेबल, औषधांची कपाटं, सगळं आधीच बसवलेलं. नेऊन ठेवायचं काम आमच्याकडे आलं. बेटेगावच्या पुढे आत आमचं गाव. रस्ता एका ट्रॅक्टरपुरता, मधे ओढ्यावर जुनी मोरी. माझ्या चुलतीला साप चावला तेव्हा याच रस्त्यानं रिक्षातून नेता नेता उशीर झाला होता. हा दवाखाना गावात मी आणणार होतो. माझे लोक बघणार होते, माझे वडील बघणार होते. शेठनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "तांडेलला ताप आहे. मी बघतो."

मोरी संपता संपता ट्रेलरचं मागचं चाक कडेला खचलं. कंटेनर ओढ्याकडे कलला. क्रेन ट्रेलरच्या मागे अडकून पडली. तिथून उचलायला गेलो असतो तर दवाखाना थेट ओढ्यात गेला असता. गाव जमा झालं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मोबाईलवर उगाच आकडेमोड करत होतो.

वडील जवळ आले. "तुमच्याकडं तो तांडेल हाय ना? त्याला बोलव की."

घरी मी त्याचं नाव कधी काढलं नव्हतं. पण त्याचं नाव आमच्या गावापर्यंतही पोचलं होतं.

मी फोन केला. तासाभरात तो टेम्पोतून टोळी आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालचे जाड लाकडी ओंडके, घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ शेठही पोचले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय तांडेल, ताप उतरला का?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"आत्ताच उतरला, शेठ," म्हणाला आणि वाकून चपला काढू लागला.

वाट चालून आल्यावर त्यानं रस्ता सोडूनच दिला. मोरीपुढचं भात कापून झालेलं शेत कडक वाळलं होतं. कललेल्या बाजूला स्लीपर रचून त्यानं आधी कंटेनर सावरला. मग शेतातल्या चिंचेला साखळी-कप्पी बांधून तो आडवा ओढत शेतात उतरवला आणि खाली लोखंडी पाइप टाकत पुढे सरकवला. मागचा पाइप मोकळा झाला की पुढे आणायचा. कोळीवाड्यात होड्या अशाच वर ओढतात.

"हाक तुमी द्या, साहेब," तो म्हणाला. "गाव तुमचा हाय."

माझ्या मागे उभा राहून तो हळू सांगायचा, "आता," आणि मी ओरडायचो. गावातली माणसंही दोराला लागली. ऊन उतरायच्या आत कंटेनर शाळेच्या पटांगणात बसला. लोकांनी माझी पाठ थोपटली.

जेवताना वडिलांनी त्याला पहिल्या पानावर बसवलं. "पोराला जरा सांभाळून घ्या," म्हणाले.

"आमीच त्यांच्या जिवावर हाव," तो म्हणाला.

एवढं कोणी झाकून घेतलं की मनातला मत्सर निवत असेल, असं तुम्हाला वाटेल. माझा आणखी पेटला. आता तर त्याच्यावर रागावायचीही सोय उरली नव्हती. मी त्याचे आभार मानले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढे त्याचे गुडघे गेले, त्यानं काम सोडलं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, हेही सांगून टाकतो.

गेल्या दिवाळीनंतर तो वारला. मला आठवड्यानं कळलं. पत्ता विचारत त्याच्या घरी गेलो. त्याची बायको ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "तुमी कोन?"

त्यांचा साहेब, असं सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

"त्यांच्या हाताखाली होतो मी," म्हणालो.

तिनं सूप बाजूला सारलं आणि मला बसायला जागा केली.