रिकामी गल्ली

जुन्या गल्ल्यांचे फोटो काढताना मी नेहमी थांबतो. भिंतीवर ऊन येईपर्यंत आणि माणसं समोरून निघून जाईपर्यंत. दगडी पायऱ्यांवर कुणाची बादली किंवा दाराशी कुणाची स्कूटर आली की चित्र बिघडतं, असं मला वाटायचं.

परवा सकाळी नदीकडे उतरणाऱ्या तांबटांच्या गल्लीत असाच थांबलो होतो. समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "रस्तारुंदीत आमचं किती फूट जाणार?"

"मी पालिकेचा नाही, मावशी. हौस म्हणून काढतोय."

"शेजारच्यांचेही आधी फोटोच काढून नेले होते," त्या म्हणाल्या. शेजारच्या घराच्या जागी आता नुसते पत्रे उभे होते.

माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी घाईघाईने उंबऱ्यासमोर सडा टाकला, हाताला येईल तशी रांगोळी ओढली आणि नवऱ्याला हाक मारून दारात बसवलं. तो बिचारा अर्ध्या दाढीवरचा साबण तसाच ठेवून बसला.

"आता काढा. राहतं घर आहे, हे दिसू द्या."

मी निमूटपणे काढला.

घरी येऊन या गल्लीचे आजवरचे सगळे फोटो उघडले. ऊन सुरेख होतं, दगड सुरेख होते. त्या एका फोटोखेरीज कशातही माणूस नव्हता. इथे कुणी राहत नाही, असं उद्या कुणाला दाखवायचं असेल, तर सगळा पुरावा मीच जमवून ठेवला होता.