रांजणाखालची भावकी

उमरग्यात मल्लम्माच्या शेंगाचटणीला तोड नव्हती, अन् तिच्या जिभेलाही. गळ्यात लिंग, घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. आणि लेक शिवप्रिया काय करते, तर कोचीच्या संशोधन-जहाजावर खोल समुद्रातल्या खेकड्या-झिंग्यांच्या जातकुळ्या लावते! शेजारणींना सांगायचं काय, कपाळ?

सुट्टीला येताना पोरीनं एक बरणी आणली. मल्लम्मानं ती उंबऱ्याबाहेर कट्ट्यावरच ठेवायला लावली. "लई झालं आता. त्या जहाजावर परत जायचं न्हाय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची परतीची बस होती. आईला दुखवून शिवप्रियाचा पाय निघेना, अन् जहाज काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं.

सकाळी मल्लम्मानं रांजणाशेजारचा ओला दगड उचलला. खाली राखाडी किडे वळवळत होते, काडी लागली की गोळी होणारे. तिनं नेहमीसारखं कढत पाण्याचं पातेलं उचललं.

"अव्वा, थांब!" शिवप्रिया धावत आली. एक किडा तिनं तळहातावर उताणा केला आणि आईच्या हातात भिंग दिलं. "पाय मोज."

"सात जोड्या हायेत की गं."

"खेकड्याला पाच. आमच्यात पायांवरनं घराणं ठरतं. आता ही बघ."

कट्ट्यावरच्या बरणीत स्पिरिटात बुडवून ठेवलेला वीतभर लांबीचा मेलेला जीव होता. सातच जोड्या. पाठीवर तशाच एकावर एक पट्ट्या. जिथं उन्हाची तिरीप कधी पोचलीच नाही, त्या समुद्रतळाची ती मादी.

"ह्याच किड्यांच्या भावकीतली," शिवप्रिया म्हणाली.

मल्लम्मा एकदा बरणीकडं बघे, एकदा लेकीच्या तळहाताकडं. "शिवा शिवा! कुठं समुद्राचा तळ, अन् कुठं माझा रांजण!" तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं परत भिंग लावलं. किड्याच्या पोटाशी पातळ पापुद्र्यांची पिशवी होती, आत पांढरे कण हलत होते.

"पिल्लं हायेत?"

"व्हय. समुद्रातली मादी बी अशीच पोटाशी धरून फिरते."

"हिच्या पोटाशी होती का?" मल्लम्मानं बरणीकडं बोट केलं.

शिवप्रियाची मान खाली गेली. "होती. वर काढल्यावर कळलं."

मल्लम्मानं कढत पाणी मोरीत ओतून दिलं. किडा जागेवर सोडायला लावला, दगड हळूच टेकवला.

"जा संध्याकाळी. एवढं बघायला मिळतंय, तर मी कोन अडवनार? पन आधी उताणं करून बघत जा. पिल्लावाली निघाली तर पाण्यात सोड तिला."

मग तिनं स्वतः बरणी उचलली, उंबरा ओलांडला आणि आत सावलीत ठेवली.

"लेकुरवाळी हाय," ती म्हणाली. "तिला बाहेर कशाला ठिवायची?"