पांडूची गाडी

आज टोकियोत तोयोसुच्या सिग्नलला काळी-पांढरी पोलीस गाडी दिसली आणि वीस वर्षांपूर्वीची कावासाकीतली संध्याकाळ आठवली. नवऱ्याच्या ऑफिसातली रोहिणी आमच्याबरोबर चालत होती. अशीच गाडी बघून ती म्हणाली, "पांडूची गाडी आली." नवरा खळखळून हसला. माझ्याशी बोलताना तो कित्येक महिन्यांत तसा हसला नव्हता.

"माझे बाबा हवालदार होते," मी म्हणाले. "गावाकडून आलेल्या शिपायांना हिणवायला काढलेलं नाव आहे ते."

रोहिणीचा चेहरा उतरला. तिने दोनदा माफी मागितली आणि मला बरं वाटलं.

खरं तर बाबा स्वतःच हसत तो शब्द वापरायचे. मला लागलं होतं ते नवऱ्याचं हसणं. रोहिणी नंतर कधीच घरी आली नाही. तिथे माझी दुसरी मैत्रीण नव्हती.